धामणीची अकरा अंडी

यंदा श्रावणात आमच्या भावकीतल्या एका पोराच्या घरात सापाची अंडी फुटली. प्लास्टिकचा डबा, तळाला ओली वाळू, वर टांगलेला बल्ब. निम्मी आळी बघायला जमली. पोरगं मोबाईलपुढं उभं राहून म्हणालं, "आपण जिवांना जीवदान दिलं." मी विचारलं, "अंडी किती होती?" "अकरा." "मला पिल्लं चारच दिसत्यात." तर म्हणतं, "आबा, बाकीची खराब निघाली."

खराब निघाली नव्हती, त्यानं खराब केली होती. हे मी छातीठोक सांगतो, कारण चाळीस वर्षांपूर्वी हाच उद्योग मी स्वतः केलाय.

घुशीसाठी बांध खणताना मला धामणीची अंडी घावली. पांढरी, चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली. मी ती ओढून सुटी केली आणि घरी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली. पंधरा दिवसांत घाण वास सुटला. एक फोडून बघितलं, तर आत करंगळीहून बारीक पिल्लू मेलेलं. आई म्हणाली, "वारुळाला दूध घालायचं आन् बिळातली अंडी उकरायची, ही कुठली रं पूजा?" नागपंचमीला आमच्यात नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेल्याची कहाणी घरोघर सांगतात. मी ती दरसाल ऐकत होतो, आणि तरी कुदळ घातली.

का मेली, ते पुढं जाणकारांकडनं कळलं. कोंबडी आपली अंडी दिवसातनं कितीदा उलथते, त्यानं तिची पिल्लं वाचतात. सापाच्या अंड्याचं उलटं आहे. घातल्यावर थोड्याच वेळात आतला जीव कवचाच्या वरच्या अंगाला धरून बसतो. नंतर अंडं उलथलं, तर तो आतल्या आत गुदमरू शकतो. कवच जमिनीतली ओल पितं. बल्बखाली ते सुकून चेपतं, पाणी जास्त झालं की बुरशी धरतं. हातभर खोल मातीत ऊन-पावसाचा चढउतार फारसा पोचत नाही. दोन महिने तसंच राहायला पाहिजे. धामणीनं ती जागा हुडकून काढलेली असते. आपण तिच्यापेक्षा शहाणे कधीपासनं झालो?

शिवाय बिळातली अंडी कुणाची, हे नुसत्या नजरेनं भल्याभल्यांना सांगता येत नाही. नागीण तर अंड्यांजवळ राखण बसते. खणणाऱ्याचा हात तिच्या तोंडाशी जातो. नागाच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासनं विष असतं. आणि कुणी "घोणशीची अंडी" दाखवली, तर त्याला साप कळत नाही हे ओळखावं. घोणस आणि फुरसं पिल्लंच घालतात.

पोरगं म्हणालं, "घोरपड, मुंगूस खाणारच होतं. मी चार तरी जगवली की." घोरपडीनं खाल्लं तर तिचं पोट भरलं. डब्यात कुजलं त्यानं कुणाचं भरलं? आणि ती चार सोडली कुठं? चित्रीकरणाला बरं पडतं म्हणून शाळेमागच्या उघड्या माळावर. ती बांधात जन्मली असती, तर उंदराच्या बिळांत लपून वाढली असती. मोठी होऊन तेच उंदीर खाल्ले असते. माझं धान्य राखायला धामण पगार मागत नाही.

शहरात काहीजण परदेशी अजगर पाळतात, त्यांची अंडी पेटीत उबवतात. ते साप पिढ्यान्पिढ्या पेटीतच वाढलेले. अंडी घातल्याचा दिवस ठाऊक, उष्णता राखणारं यंत्र हाताशी. तिथलं बघून आमची पोरं बांधावरच्या धामणीला हात घालतात. आपल्या रानातला साप 1972 च्या वन्यजीव कायद्यानं राखलेला आहे. तो पाळता येत नाही, त्याची अंडीही घरी नेता येत नाहीत.

मग जेसीबीनं घरटं उघडं पडलं तर काय? तेव्हा वन खात्याच्या 1926 नंबरला फोन करावा. माणूस येईपर्यंत अंडी उलथू नयेत, चिकटलेली सोडवू नयेत, जागच्या जागी सावली धरावी. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता मला बिळात अंडी दिसली, की मी तिथं काठी रोवून तिला फडकं बांधतो. दोन हात जमीन तेवढा हंगाम पडीक राहते. त्यानं माझं काय जातं? मूठभर ज्वारी. दोनेक महिन्यांनी जाऊन बघतो. कधी रिकामी टरफलं दिसतात, पिल्लानं कापून बाहेर पडलेली चीर स्पष्ट असते. पिल्लू एकही दिसत नाही.

त्या पोराला म्हणालो, पुढल्या साली ये, तुला ती टरफलं दाखवतो. मोबाईल आण, पण कुदळ घरी ठेव.