टक्क्यांचें सोवळें

निबंध संशोधनविषयक नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वीं त्याची सिद्धता कशी करावी, असें आज एखाद्या होतकरू संशोधकास विचारावें, तर तो बहुधा एकच उत्तर देतो: "सर, टक्के खालीं आणले पाहिजेत." हे टक्के गुणांचे नव्हेत, व्याजाचेहि नव्हेत. निबंधांतील किती शब्द पूर्वप्रसिद्ध लिखाणाशीं जुळतात, याचें संगणकानें काढलेलें तें प्रमाण होय. तें दहाच्या आंत आलें कीं निबंध सोवळें नेसून पंक्तीस बसावयास मोकळा!

या समजुतीचें मूळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाहीं; ४० पर्यंत असल्यास विद्यार्थ्यानें लिखाण सुधारून आणावयाचें; ६० पर्यंत एक वर्षाची बंदी; त्यापुढें नोंदणीच रद्द. नियमकर्त्यांचा हेतु वाईट होता असें कोणीहि म्हणणार नाहीं. ऋण मान्य करून घेतलेलीं अवतरणें, संदर्भसूची, नित्याची परिभाषा हीं मोजणींतून वगळावीं, असें त्यांतच सांगितलें आहे. पण कचेऱ्यांनीं आंकडा तेवढा उचलला; आणि आंकड्यानें काम भागतें म्हटल्यावर निबंध वाचण्याची यातायात कोणी करावी?

मग शब्दांचीं सोंगें सुरू होतात. समजा, दुष्काळावरील निबंधांत टक्के चढले. विद्यार्थी 'दुष्काळ' खोडून 'पर्जन्याभाव' लिहितो. टक्के उतरतात, निबंध मात्र खोटा होतो. १९४३ सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें मेलीं, तीं केवळ धान्य नव्हतें म्हणून नव्हे, तर मजुरास तें विकत घेण्याची ऐपत उरली नाहीं म्हणून, हें अमर्त्य सेन यांच्या १९८१ च्या ग्रंथांतील प्रमेय आहे. दुष्काळ आणि अवर्षण यांतील जो भेद या सर्व विवेचनाचा कणा, तोच एका पर्यायी शब्दानें मोडला, आणि यंत्रानें त्याबद्दल शाबासकी दिली!

उलट, इंग्रजी निबंधांतील सारी विचारसरणी उचलून कोणी ती स्वच्छ मराठींत उतरविली, तर अक्षरांशीं अक्षरें ताडणाऱ्या यंत्रास काय दिसणार? तें वाङ्मयचौर्य उजळ माथ्यानें सुटतें. मूळ दस्तऐवज न पाहतां केलेलीं विधानें आणि सोयीस्करपणें दडविलेला विरुद्ध पुरावा यांनाहि तेथें अटकाव नाहीं.

निबंधाची खरी सिद्धता पाहावयाची असेल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कोणतेंहि पान उघडावें. १९१९ मध्यें आरंभिलेलें तें काम १९६६ मध्यें पुरें झालें. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्यास शिस्त घालून दिली. तें पुरें झालेलें पाहण्यास ते राहिले नाहींत. तेथें वर स्वीकृत पाठ आहे आणि खालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद आहेत. संपादकाचा निर्णय ज्यास पटत नसेल, त्यास त्याच पानावरून संपादकाविरुद्ध भांडतां येतें. वाचकाच्या हातीं आपल्याविरुद्धचें हत्यार देणें, हें त्या कामाचें तेज आहे. आजच्या किती निबंधांविषयीं असें म्हणतां येईल?

"एवढे निबंध वाचावयाचे कोणी?" असा आक्षेप तयारच असतो. तर मग एवढे मागावेच कां? प्रबंधापूर्वीं निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही २०१६ ची सक्ति आयोगानें २०२२ मध्यें काढून टाकली, हें ठीकच झालें. पण वाचण्याचें ओझें मार्गदर्शकाच्या शिरावरून त्यामुळें उतरत नाहीं. त्यानें निबंधांतील दोन संदर्भ कपाटांतून काढावे, विद्यार्थ्यापुढें उघडावे, आणि "तूं म्हणतोस तें येथें कोठें आहे?" एवढेंच विचारावें. याला अर्धा तास पुरतो. प्राध्यापकास एका वेळीं आठ विद्यार्थी घेण्याची मुभा आहे. ज्याला आठांचे कागद वाचवत नाहींत, त्यानें दोनच घ्यावे.