‘नव्वद नंबर टाका’ एवढेच पुरेसे नाही! गिअर ऑइलच्या डब्यावरची दुसरी ओळ का वाचायला हवी?

सोलापुरातून सकाळी अक्कलकोट किंवा पंढरपूरचे भाडे घेऊन निघालेली टॅक्सी. गाडी अजून गार आहे. चालक पहिल्यावरून दुसरा गिअर टाकतो आणि ‘खर्र’ असा आवाज येतो. क्लच तपासला जातो, केबल बदलली जाते, शेवटी चालकाच्या पायाला दोष दिला जातो. मागच्या सर्व्हिसिंगला गिअर बॉक्समध्ये कोणते ऑइल पडले, हे मात्र कोणी विचारत नाही. कारण उत्तर ठरलेले असते : नव्वद नंबर.

इंजिन ऑइल घेताना दहा प्रश्न विचारणारा गाडीमालक गिअर ऑइलच्या बाबतीत गप्प बसतो. ही सवय महागात पडू शकते. गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक नंबर आणि दुसरी ‘जीएल’ श्रेणी. ग्राहक नंबर पाहतो, पण नुकसान बहुतेक वेळा श्रेणी चुकल्याने होते.

‘नव्वद’ म्हणजे नेमके काय?

८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० हे आकडे फक्त ऑइलचा दाटपणा सांगतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा ऑइल कडाक्याच्या थंडीत किती वाहते, हे दाखवतो. शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते, हे दाखवतो. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांची मोजपट्टी वेगळी आहे. त्यामुळे गिअर ऑइलचा ९० हा दाटपणाने साधारण इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या जवळ येतो, दुप्पट नव्हे.

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात ४३-४४ अंशांवर जातो. म्हणून ‘इथल्या उन्हाला जाड ऑइलच हवे, १४० टाका’ असा सल्ला मिळतो. जड वाहनांच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी कंपनीने तसे सांगितले असेल, तर तो योग्य आहे. छोट्या कारच्या गिअर बॉक्ससाठी मात्र तो घातक आहे. ऑइल गरजेपेक्षा जाड झाले की सकाळी गिअर जड पडतो आणि अ‍ॅव्हरेजही घटते.

जीएल-४ आणि जीएल-५ मध्ये फरक काय?

या श्रेणी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयच्या आहेत. दोन्ही ऑइलमध्ये दातांवर प्रचंड दाब आला तरी धातूला धातू घासू नये म्हणून गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने मिसळलेली असतात. जीएल-५ मध्ये त्यांचे प्रमाण बरेच जास्त, ढोबळमानाने दुप्पट असते.

मग जास्त ते चांगले, असे वाटते. गडबड इथेच होते. मॅन्युअल गिअर बॉक्समध्ये सिंक्रो रिंग असतात आणि त्या अनेकदा पितळेच्या असतात. गिअर बदलताना ही रिंग दुसऱ्या भागावर किंचित घासून दोघांचा वेग सारखा करते आणि मग गिअर गुपचूप बसतो. थोडक्यात, रिंगला थोडे घर्षण हवेच असते. जीएल-५ तिला जास्त निसरडे करू शकते. शिवाय त्यातील गंधक तापल्यावर पितळेला खाऊ शकते. नव्या पद्धतीची काही जीएल-५ ऑइल पितळेला तेवढी त्रास देत नाहीत, पण घर्षणाचा प्रश्न उरतोच.

मग जीएल-५ कशासाठी?

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. जीप, पिकअप, छोटे मालवाहू टेम्पो यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राऊन-पिनियन असते. त्याचे दात ‘हायपॉइड’ पद्धतीचे असतात. ते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर घसरतातही. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गोण्या घेऊन येणाऱ्या किंवा तुळजापूरचा घाट चढणाऱ्या पिकअपमध्ये हा दाब आणखी वाढतो. तिथे जीएल-४ टाकले तर दातांवर ओरखडे पडतात आणि धावताना मागून ‘हूं’ असा आवाज सुरू होतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल, तर त्यासाठीचे खास ऑइल लागते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक कारमध्ये गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात व दोघांना एकच ऑइल पुरते. त्या डिफरन्शियलचे दात सहसा हायपॉइड नसतात. म्हणून अशा अनेक गाड्यांना जीएल-४ सांगितलेले असते. काही कंपन्या मात्र वेगळे ऑइल सांगतात. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

सवय पडली कुठून?

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जीपच्या काळात गाड्या मागच्या चाकांवर चालत. त्यांच्यात गिअर बॉक्स वेगळा, क्राऊन-पिनियन वेगळे. एकच नव्वद नंबर दोन्हीकडे टाकण्याची रीत पडली. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या घरोघरी पोचल्या. गाड्या बदलल्या, पण गॅरेजमधला डबा तोच राहिला.

‘इतकी वर्षे हेच टाकतो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद नेहमीचा आहे. पण सिंक्रो रिंग एका दिवसात जात नाही. ती हजारो किलोमीटरमध्ये झिजते, तोपर्यंत जुनी सर्व्हिसिंग कोणाच्या लक्षात नसते. छोट्या कारला लागते साधारण दोन लिटरच्या आसपास ऑइल. त्यातली बचत किती आणि गिअर बॉक्स उतरवण्याचा खर्च किती, याचा हिशेब कर्जाचे हप्ते भरणाऱ्या टॅक्सीचालकाला सांगावा लागत नाही.

गाडीमालकाने काय करावे?

- मॅन्युअलमध्ये गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल वेगवेगळे शोधा. नंबर, श्रेणी आणि किती लिटर, तिन्हीचा मोबाइलवर फोटो ठेवा.
- पिंपातले सुटे ऑइल नको. सीलबंद डबा समोर उघडायला सांगा.
- जुने ऑइल सोडण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का, ते पाहायला सांगा. तो अडकला, तर गाडी तिथेच अडकते.
- निघालेले ऑइल उजेडात पाहा. चुंबकावरचा बारीक राखाडी थर नेहमीचा असतो. सोनेरी चकाकी दिसली तर पितळ झिजते आहे, लोखंडाचे तुकडे दिसले तर दात गेले आहेत.
- गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर किलोमीटर मोजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने जिल्ह्यातील अनेक गावांना वेढले होते. अशा वेळी पाणी गिअर बॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये शिरू शकते. ऑइल दुधाळ दिसले तर लगेच बदला.

जबाबदारी कोणाची?

सगळा दोष मेकॅनिकवर टाकणे सोपे, पण अन्यायाचे आहे. ग्राहक ‘स्वस्तातले टाका’ म्हणतो, दुकानदार जास्त खपणारे एकच ऑइल ठेवतो. मेकॅनिक हाताशी असेल ते वापरतो. ही साखळी तोडायला नवा कायदा लागत नाही. वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेलाच आहे. गॅरेजच्या बिलावर ‘गिअर ऑइल’ असे दोनच शब्द न लिहिता कंपनी, नंबर आणि श्रेणी लिहिली, तर पुढच्या मेकॅनिकलाही आत काय आहे ते कळेल. प्रामाणिक गॅरेजवाल्याची बाजूही त्याच कागदाने राखली जाईल.

पुढच्या सर्व्हिसिंगला ‘किती झाले?’ विचारण्याआधी ‘जीएल किती?’ एवढे विचारले, तरी सुरुवात होईल.