अहवालातील यश आणि वर्गातील काम

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या वार्षिक अहवालाची मांडणी आता बहुतेक ठिकाणी ठरून गेलेली आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक जो अहवाल वाचतात, त्याच्या पहिल्या भागात शालान्त परीक्षेचा निकाल, नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्यांची संख्या, शिष्यवृत्तिधारकांची नावे आणि चित्रकला, क्रीडा व विज्ञान प्रदर्शन यांतील पारितोषिके असतात, तर दुसऱ्या भागात वर्षभरात वर्गावर्गांतून झालेल्या उपक्रमांची यादी असते. हे दोन्ही भाग एकापाठोपाठ वाचले जातात. परंतु पहिल्या भागातील यश दुसऱ्या भागातील कोणत्या कामातून आले आणि ज्यांचे नाव पहिल्या भागात कधीच येत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पदरात त्या कामातून काय पडले, हे अहवाल ऐकून कळत नाही. शाळेच्या यशाची नोंद वर्गातील कामाशी जोडली गेली पाहिजे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याची असली पाहिजे, ही भूमिका माध्यमिक शिक्षकांपुढे आग्रहाने मांडण्याची वेळ आली आहे.

शालान्त परीक्षेच्या गुणांना मिळालेले महत्त्व एका दिवसात आलेले नाही. एकेकाळी राज्य मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करीत असे, आणि त्या यादीत विद्यार्थी झळकला की शाळेचे नाव वर्तमानपत्रांत येत असे. मंडळाने ती यादी बंद केली, तरी शाळेच्या प्रवेशद्वारावरील फलकाने तिची जागा घेतली. गुणांचा आनंद साजरा करण्यात गैर काहीच नाही, कारण त्यामागे विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे कष्ट असतात. मात्र गुण हे वर्गातील शिकण्याचे विश्वासार्ह प्रतिबिंब आहेत की नाही, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा, असा अनुभव राज्याने घेतला आहे. शाळेने तोंडी परीक्षा, स्वाध्याय आणि वर्गकार्य यांच्या आधारे स्वतः द्यावयाच्या गुणांना अंतर्गत मूल्यमापन म्हणतात. भाषा विषयांचे असे २० गुण मार्च २०१९ च्या परीक्षेत नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी हे गुण पूर्ववत झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. नवा अभ्यासक्रम, कृतिपत्रिकेचे नवे स्वरूप आणि २०२० मध्ये साथीमुळे रद्द झालेला भूगोलाचा पेपर ही कारणेही या चढउतारामागे होती, हे खरे. तरीही शाळेने दिलेले गुण आणि लेखी परीक्षेत दिसणारी तयारी यांत मोठे अंतर पडले होते, हे नाकारता येत नाही. हे अंतर पडण्याचे मुख्य कारण असे की, अनेक शाळांत अंतर्गत गुणांच्या पाठीशी वर्गातील कामाची नोंदच नसते, आणि नोंद नसली की सर्वांना जवळजवळ सारखे गुण देण्यावाचून शिक्षकापुढे मार्ग उरत नाही.

वर्गातील कामाची नोंद म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. नववीच्या विज्ञानात आम्ल आणि आम्लारी हा घटक शिकवताना घरगुती दर्शकांचा प्रयोग करता येतो. दर्शक म्हणजे एखादे द्रावण आम्लधर्मी आहे की आम्लारिधर्मी, हे स्वतःच्या रंगबदलातून दाखवणारा पदार्थ. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदी पट्ट्या, लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, साबणाचे पाणी, चुन्याची निवळी आणि साधे पाणी एवढे साहित्य दिले, तरी प्रयोग होतो. साबणाच्या पाण्यात आणि चुन्याच्या निवळीत पट्टी लाल होते; लिंबू, चिंच आणि साधे पाणी यांत ती पिवळीच राहते. अशा वेळी एखादी विद्यार्थिनी वहीत लिहिते की, लिंबाचा रस उदासीन आहे, म्हणजे आम्लही नाही आणि आम्लारीही नाही. परीक्षेत या उत्तराला शून्य गुण मिळतील. वर्गात मात्र शिकवण्याची खरी संधी याच उत्तरात आहे. शिक्षकाने लगेच बरोबर उत्तर न सांगता गरम पाण्यात भिजवलेल्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क पुढे ठेवावा आणि तीच द्रावणे पुन्हा तपासायला सांगावीत. लिंबाच्या रसात अर्क गडद गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीत हिरवट होतो आणि साध्या पाण्यात त्याचा मूळ रंग तसाच राहतो. त्यातून त्या विद्यार्थिनीच्या ध्यानात येते की, हळद आम्लारी ओळखते, परंतु आम्ल आणि उदासीन द्रावण यांत फरक करू शकत नाही. म्हणून एका दर्शकाने रंग बदलला नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. एका चाचणीच्या मर्यादा ओळखून दुसरी चाचणी घेणे ही वैज्ञानिक विचाराची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी त्या तासाला त्या विद्यार्थिनीने चढलेली असते. शिक्षकाने आपल्या नोंदवहीत तारीख, तिचा पहिला निष्कर्ष, दिलेली दुसरी चाचणी आणि बदललेला निष्कर्ष अशा चार ओळी लिहिल्या, तर ती तिच्या प्रगतीची अस्सल नोंद ठरते. त्या चार ओळींच्या आधारे दिलेला अंतर्गत गुण कोणापुढेही मांडता येतो.

शाळाबाह्य स्पर्धांची रचना पाहिली, तर त्यांचाही मूळ हेतू असेच काम व्हावे हा आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीच्या आणि नववीच्या विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेबरोबरच प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत या कसोट्यांना उतरावे लागते. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये १० ते १७ वयोगटातील मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न निवडून त्याचा पद्धतशीर अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. परंतु व्यवहारात शाळा एकदोन हुशार विद्यार्थी निवडते, त्यांची शाळा सुटल्यावर स्वतंत्र तयारी करून घेते आणि बाकीच्या वर्गाला त्या प्रकल्पाचा विषयही ठाऊक नसतो. गावातील विहिरींच्या पाण्याचा अभ्यास दोघांच्या नावावर जिल्ह्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा नमुने गोळा करणे, तक्ते भरणे आणि आलेख काढणे ही कामे सगळ्या वर्गाकडून करून घेता आली असती, याचा विचार झालेला नसतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे महत्त्व याहून वेगळे आहे, कारण आठवीत ही परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि त्या रकमेवर अनेक मुलामुलींचे शिक्षण टिकून राहते. अशा परीक्षांची तयारी शाळेने जरूर करून घ्यावी. मात्र त्यातील बौद्धिक क्षमता चाचणीचे कूटप्रश्न निवडक मुलांच्या जादा तासापुरते न ठेवता गणिताच्या नेहमीच्या तासाला सर्वांपुढे मांडावेत.

संपूर्ण वर्गाचे काम हेच शाळेचे यश कसे होऊ शकते, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राने घालून दिलेला आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत हाताने काम करतात. माती परीक्षण, घरातील वायरिंग किंवा रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी ही कामे शिकताना साहित्याचा खर्च मांडणे आणि केलेल्या कामाचा उपयोग गावाला करून देणे, हा त्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. या पद्धतीत पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावण्याची गरज पडत नाही. वेल्डिंगचा सांधा पक्का बसला की नाही, एवढे पाहिले की कामाची परीक्षा होते, आणि लेखी परीक्षेत मागे राहणारा मुलगाही तेथे वर्गाच्या आदराला पात्र ठरतो. प्रत्येक शाळेला ही व्यवस्था जशीच्या तशी उभारता येणार नाही, परंतु सर्वांनी करावयाचे, तपासता येईल असे आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे काम प्रत्येक विषयात शोधता येईल.

ही अपेक्षा नवी नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) अशी शिफारस केली होती की, मंडळाच्या प्रमाणपत्राबरोबर शाळेनेही विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे आणि ते त्याच्या संचयी नोंदपत्रावर, म्हणजे वर्षानुवर्षे ठेवलेल्या प्रगतीच्या नोंदींवर, आधारलेले असावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना हाच विचार पुढे नेते. त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापनही अपेक्षित आहे. कोठारी आयोगाला अर्धशतक उलटून गेल्यावरही ही कल्पना वर्गात रुजलेली नसेल, तर नवा नमुना छापून ती रुजणार नाही. शिक्षकाच्या रोजच्या सवयीत नोंद आली, तरच प्रगतिपत्रकातील रकाने अर्थपूर्ण होतील.

साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, रिक्त पदे, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा आणि शाळाबाह्य कामे यांत आणखी एक नोंदवही कोठून सांभाळायची, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे आणि तिची दखल प्रशासनाने घेतलीच पाहिजे. तरीही आठवड्याला पाच विद्यार्थ्यांविषयी तीनचार ओळी लिहिण्याचे ठरवले, तर साठ जणांचा वर्ग बारा आठवड्यांत, म्हणजे एका सत्रात, पूर्ण होतो. त्यासाठी वेगळा नमुना लागत नाही. टाचणवहीची मागची पाने पुरतात. शेवटच्या बाकावरील ज्या मुलाविषयी लिहायला काहीच सुचत नाही, तो आपल्या नजरेतून निसटला आहे, हेही अशा नोंदीमुळे वेळीच लक्षात येते.

म्हणून या वर्षीच्या अहवालात प्रत्येक माध्यमिक शाळेने तीन गोष्टींची भर घालावी. प्रत्येक पारितोषिकापुढे ते वर्गातील कोणत्या कामातून आले, हे एका वाक्यात लिहावे. प्रत्येक उपक्रमापुढे त्यात वर्गातील किती विद्यार्थ्यांनी स्वतः काम केले, तो आकडा द्यावा. आणि ज्यांना कोणतेही पारितोषिक मिळाले नाही अशा विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या काही निवडक नोंदी, त्यांची व पालकांची संमती घेऊन, पालकांसमोर वाचून दाखवाव्यात. मुख्याध्यापकांनी ही जबाबदारी विषयशिक्षकांवर सोपवून थांबू नये. सत्रातून एकदा सर्वांनी एकत्र बसून नोंदी वाचाव्यात आणि त्यांवर चर्चा करावी. अशा नोंदी आणि त्यांतून सुधारत गेलेले पाठ या मासिकाकडे जरूर पाठवावेत. त्यांना या पानांवर अग्रक्रमाने जागा दिली जाईल.