‘वांड’ ठरलेली मुले

प्रत्येक शाळेत एखादे मूल असे असते की ज्याला पाच मिनिटे एका जागी बसवत नाही. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच ते उत्तर देते, वही-पेन्सिल रोज हरवते, सांगितलेले काम अर्ध्यावर टाकून उठते. गुरुजी त्याला वांड म्हणतात, घरी मार बसतो, आणि सातवी-आठवीच्या सुमारास ते शाळेतून नाहीसे होऊन कामावर दिसू लागते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात अवधानन्यूनता व अतिचंचलता, संक्षेपाने एडीएचडी, असे नाव आहे. जगभरच्या पाहण्यांत शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुलांत ती आढळून आली आहे. ती आईबापांच्या लाडाने जडत नाही आणि छडीने सुटत नाही.

चळवळीतील काही जाणकार या प्रश्नाकडे संशयाने पाहतात. औषध कंपन्यांनी खपासाठी काढलेले हे श्रीमंतांचे दुखणे आहे, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत या औषधांचा जो प्रचंड व्यापार झाला तो पाहता हा संशय अगदीच अनाठायी नाही. परंतु जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमधील आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले ते १९०२ साली. मेथिलफेनिडेट हे औषध बाजारात आले ते त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी. नफेखोरीचा निषेध करताना दुखणेच नाकारले, तर उपचार श्रीमंतांच्या मुलांपुरते राहतात, एवढाच त्याचा परिणाम होतो.

आणि ते आज तसेच राहिले आहेत. मुंबई-पुण्यात ऐपत असलेल्या घरातील मुलाला खाजगी तज्ज्ञ मिळतो, वर्गात शेजारी बसणारी स्वतंत्र शिक्षिकाही मिळते. लहान वयात आईवडिलांना मुलाशी वागण्याचे शिक्षण देणे हाच पहिला उपचार. मोठ्या मुलांपैकी अनेकांना औषधाचा चांगला गुण येतो. मात्र भूक व झोप कमी होण्याचा संभव असल्याने वजन, उंची, रक्तदाब वेळोवेळी पाहावे लागतात. म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या आल्या, आणि प्रत्येक फेरीला एक रोज बुडाला.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या मुलाचे काय होते? दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता, कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मूलही पुष्कळदा त्यांच्याबरोबर कोपीत राहायला जाते. निदानाची अट अशी की लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि ती घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावीत. ज्या मुलाला सलग सहा महिने एक शाळाच लाभत नाही, त्याची साक्ष कोणी द्यावी? हंगाम संपवून ते परतते तेव्हा मागे पडलेले असते, आणि मागे पडण्याचे कारण सर्वांनी आधीच ठरविलेले असते: पोर फिरस्तीचे आहे! खरे दुखणे त्याखाली दडून जाते. उलटही घडू शकते. अपुऱ्या झोपेने व अर्धपोटी राहण्याने अस्वस्थ झालेल्या मुलावर हाच शिक्का बसायचा. म्हणून तर पारख करणारा माणूस हवा.

तो माणूस शासनाने दिला आहे काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या तीस विकारांच्या यादीत एडीएचडी आहे. पण शाळेत पथक यायचे वर्षातून एकदा. आणि नवख्या डॉक्टरसमोर असे मूल अनेकदा दहा मिनिटे गप्पही बसते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आली, एडीएचडीला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाणीला बंदी केली हे योग्यच झाले. परंतु छडी खाली ठेवलेल्या गुरुजींना या मुलाला शिकवायचे कसे, हे कोणी शिकविले नाही.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना राज्यात आहे. त्याच कार्डावर गुरुजींचे मुलाच्या वागणुकीविषयीचे निरीक्षण आणि चालू उपचाराची नोंद असावी, व कारखान्याच्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयाने ती पाहून उपचार पुढे चालवावेत, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी येत्या गळीत हंगामापूर्वी, उचलीच्या आणि तोडणीच्या दराबरोबरच मांडावी. तोपर्यंत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पटावरून गळालेल्या मुलांच्या घरी जाऊन, ती शाळेत असताना वर्गात कशी वागत होती, एवढे तरी विचारून ठेवावे.