आधी कान, मग यंत्र

आपल्या संगीत क्लबला या सत्रात डीजेचा संच घेण्याची परवानगी मिळाली आहे. आजवर सोशल असो, हाउस नाइट असो की बारावीचा निरोप समारंभ, दर वेळी बाहेरून माणूस बोलवावा लागत असे. आता ते काम कॅडेटच करणार, ही आनंदाची गोष्ट आहे. पण घ्यायचे काय, यावर क्लबमध्ये तीन गट पडले आहेत. पहिल्या गटाला टर्नटेबल हवे आहेत, म्हणजे तबकड्या फिरवणारे जुने, अस्सल यंत्र. दुसऱ्या गटाला लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर हवा आहे. तिसरा गट सर्वांत लहान आहे. त्याचे म्हणणे, दोन सीडी प्लेअर आणि एक मिक्सर घ्या. मी या तिसऱ्या गटात आहे आणि का आहे, ते या पानावर मांडतो.

त्याआधी पालकांसाठी दोन शब्द. 'डीजे' म्हटल्यावर आपल्या अनेक आई-बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. महाराष्ट्रात मिरवणुकीत डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती गल्लीत शिरली की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि आजी कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसते. इकडे चंदीगडमध्येही लग्नसराईत वेगळे काही नसते. पण मूळ शब्द 'डिस्क जॉकी' असा आहे. तबकडी हाताळणारा माणूस म्हणजे डीजे. डीजे ही भिंत नव्हे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' गाजले, तेव्हा आमच्या डॉर्मिटरीतले पंजाबी आणि हरियाणवी मित्रही मराठी शब्द घोकू लागले होते. ती करामत आवाज वाढवून झालेली नाही, ठेक्यातून झाली आहे.

मग डीजेचे नेमके काम काय? एक गाणे संपण्याआधी दुसरे त्यात अशा रीतीने मिसळायचे, की नाचणाऱ्यांचे पाऊल चुकता कामा नये. त्यासाठी दोन्ही गाण्यांचा वेग सारखा करावा लागतो आणि ठोक्यावर ठोका बसवावा लागतो. ही गोष्ट कॅडेटला समजावून सांगायची गरज नाही. आपण रोज सकाळी परेड ग्राउंडवर तेच करतो. तेज चलचा वेग मिनिटाला १२० कदम असतो आणि धीरे चलचा ७०. पथकात सगळे १२० ने चालत असताना एक जण १२१ ने चालू लागला, तर मिनिटभरात तो एक पाऊल पुढे जातो. इतरांचा डावा पाय पडतो तेव्हा त्याचा उजवा पडतो, आणि उस्तादांची नजर बरोबर त्याच्यावर जाते. गाण्यांचेही तसेच आहे. एक गाणे १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२१ ठोक्यांचे असेल, तर अर्ध्या मिनिटातच एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडू लागतो आणि ऐकणाऱ्याला नुसता गोंधळ ऐकू येतो. नवशिक्याला सर्वांत आधी शिकायचे असते ते हे अंतर कानाने ओळखणे. म्हणून माझ्या मते यंत्र निवडण्याची कसोटी एकच आहे: ते आपल्या कानाला शिकवते का?

आता टर्नटेबल पाहू. त्याचा इतिहास मोठा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ मध्ये टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल बाजारात आणले. त्यात पट्टा नव्हता. मोटर थेट तबकडीच्या थाळीखाली होती, त्यामुळे हाताने थांबवून सोडली तरी थाळी लगेच मूळ वेग पकडायची. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा दोन टर्नटेबलांवर आलटून पालटून लांबवायची त्याची पद्धत पुढे गाजली, आणि हिपहॉपचा जन्म त्या रात्री झाला असे मानतात. टर्नटेबल कानाला शिकवते, यात शंका नाही. त्यावर वेगाचा आकडा दिसत नाही, आपोआप काही जुळत नाही, सगळे बोटांनी आणि कानांनी करावे लागते.

तरीही आपल्यासाठी ते योग्य नाही, आणि त्याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. पहिले कारण धूळ. मे-जूनमध्ये चंदीगडला आंधी येते तेव्हा बंद खिडकीतूनही टेबलावर धुळीचा थर बसतो. तबकडीच्या बारीक खाचेत ती धूळ गेली की सुई आणि तबकडी दोन्ही झिजतात. दुसरे कारण आपला रंगमंच. तो लाकडी आहे आणि समारंभात त्यावर आपला भांगडा संघ उड्या मारतो. त्या हादऱ्याने सुई उडणारच. तिसरे कारण खर्च. एका नव्या एलपीच्या किमतीत पन्नास-साठ कोऱ्या सीडी सहज येतात. शिवाय आपल्याला हवी असलेली सगळी मराठी आणि पंजाबी गाणी तबकडीवर मिळणारही नाहीत. स्वस्त म्हणून पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल घ्यावे, तर ते घरी गाणी ऐकायला ठीक असते. हाताने थांबवून सोडले की वेग पकडायला त्याला वेळ लागतो, म्हणून डीजेच्या कामाला ते उपयोगी नाही.

दुसऱ्या गटाचा कंट्रोलर स्वस्त आहे, हलका आहे आणि एकाच खोक्यात सगळे येते. हे मुद्दे खरे आहेत. पण त्याला लॅपटॉप लागतो. आपल्या वसतिगृहात कॅडेटजवळ ना मोबाइल असतो ना लॅपटॉप. म्हणजे सरावाला प्रत्येक वेळी कोणा तरी सरांचा लॅपटॉप मागायचा, त्यांना वेळ असेल तेव्हाच शिकायचे. अशाने सहा महिन्यांत तो कंट्रोलर कपाटात जाऊन बसेल.

त्याहून मोठी अडचण 'सिंक' नावाच्या बटणाची आहे. ते दाबले की संगणक दोन्ही गाण्यांचे ठोके स्वतःच जुळवतो. सोय छान आहे, पण ज्याने एकदाही कानाने ठोका जुळवलेला नाही, त्याला ते बटण काहीच शिकवत नाही. आणि ते दर वेळी चालतेच असेही नाही. आजची बरीच गाणी संगणकावर तयार होतात, त्यांचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच राहतो. जुन्या लावणीतला ढोलकीवाला मात्र माणूस असतो. रंगात आला की तो थोडा पुढे सरकतो, गायिकेने हरकत घेतली की थोडा थांबतो. तिथे संगणकाने आखलेले ठोके चुकू लागतात आणि कानच कामी येतो. आपल्याला जर फक्त तयार ठेक्याची गाणी वाजवायची नसतील, तर कान तयार हवाच. घरी लॅपटॉप असलेल्या आणि सुट्टीत शिकू पाहणाऱ्या मित्राला मी कंट्रोलर घे असेच सांगेन. फक्त पहिले तीन महिने सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लाव.

आता सीडी प्लेअर. इथे घरातला साधा सीडी प्लेअर चालत नाही. डीजेच्या सीडी प्लेअरला वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी असते, ठरलेल्या जागेवरून गाणे सुरू करणारे क्यू बटण असते आणि गाणे किंचित पुढे-मागे ढकलायला गोल चाक असते. पायोनियर कंपनीने १९९४ मध्ये सीडीजे-५०० आणि २००१ मध्ये सीडीजे-१००० काढला. सीडीजे-१००० च्या मोठ्या चाकावर हात ठेवून तबकडीसारखे गाणे मागे-पुढे करता येऊ लागले. सरकपट्टी साधारण आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली जाते असे धरले, तर १२० ठोक्यांचे गाणे ११० पासून जवळजवळ १३० पर्यंत नेता येते. १२० चे गाणे १२६ वर न्यायचे असेल, तर पट्टी पाच टक्के वर. गणिताच्या तासाला शिकलेली टक्केवारी कुठे वापरायची, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

"सीडी आता वापरते कोण?" असे दुसरा गट विचारतो. प्रश्न रास्त आहे. पायोनियरच्या २०२० मधल्या सीडीजे-३००० ला सीडी घालायची फटच नाही. पण त्यावरचे चाक, क्यू बटण आणि सरकपट्टी आपल्या ओळखीची आहे. जुन्या प्लेअरवर हात बसलेला माणूस नव्यावर दोन दिवसांत रुळतो. आणि आपल्याकडे सीडीचा एक वेगळाच फायदा आहे. ऐंशी मिनिटांच्या सीडीवर वीसच्या आसपास गाणी मावतात. कॉम्प्युटर लॅबमध्ये ती सीडी लिहिण्याआधी आपल्याला गाणी निवडावी लागतील, त्यांचे ठोके मोजावे लागतील आणि सरांना यादी दाखवावी लागेल. ज्याच्याजवळ हजारो गाणी असतात तो पुढचे गाणे शोधत बसतो. ज्याच्याजवळ वीस असतात, त्याला ती वीस पाठ असतात.

नवे प्लेअर आपल्या आवाक्यात नाहीत, त्यामुळे वापरलेले घ्यावे लागतील. घेताना पुढच्या गोष्टी तपासाव्यात असे मी सुचवतो. लॅबमध्ये लिहिलेली सीडी सोबत न्यावी. विकत घेतलेली सीडी वाचणारे, पण घरी लिहिलेल्या सीडीवर अडखळणारे प्लेअर असतात. दोन्ही प्लेअरमध्ये एकच गाणे लावून सरकपट्ट्या शून्यावर ठेवाव्यात. पाच मिनिटांनी दोन्ही सोबत नसतील, तर एकाची पट्टी बिघडलेली आहे. मिक्सरचे फेडर सावकाश सरकवावेत आणि खरखर येते का ऐकावे. मिक्सरला मागे 'फोनो' आणि 'लाइन' अशा दोन तऱ्हेच्या जोडण्या असतात. टर्नटेबलचा सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून त्याला फोनो. सीडी प्लेअर नेहमी लाइनवरच जोडायचा. चुकून फोनोवर जोडला तर आवाज फाटतो. स्पीकर घेण्याची गरज नाही, सभागृहात आहेत ते पुरेत. वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत, कारण बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीजे एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐकतो आणि दुसऱ्या कानाने सभागृह ऐकतो. सभागृहाचा आवाज मोठा असेल, तर हेडफोनचा आवाज त्याच्याही वर न्यावा लागतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी तज्ज्ञांनी सुचवलेली एक मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांना एनडीएत जायचे आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटीमीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाला वेगवेगळी ऐकू यावी लागते. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, कान पुन्हा मिळत नाही. एखाद्या हाउस नाइटसाठी ही बाजी लावण्यात शहाणपण नाही.

म्हणून संचासोबत तीन नियमही आले पाहिजेत. एका कॅडेटने सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ हेडफोन लावू नये. दोघांनी आळीपाळीने वाजवावे. सभागृहात शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता येईल एवढाच आवाज ठेवावा. आणि रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. हे नियम पाळले, तर आपल्या आई-बाबांनाही 'डीजे' या शब्दाची भीती उरणार नाही.

पुढच्या आठवड्यात क्लबची बैठक आहे. माझा प्रस्ताव सरळ आहे: वापरलेले दोन सीडी प्लेअर, दोन चॅनेलचा एक मिक्सर, दोन चांगले हेडफोन आणि पन्नास कोऱ्या सीडी. टर्नटेबलवाल्या मित्रांना माझे सांगणे आहे की, वर्षभरात पाच कॅडेट कानाने ठोका जुळवू लागले, तर एक टर्नटेबल घेण्यासाठी मी स्वतः हात वर करीन. तोवर ज्यांना शिकायचे आहे त्यांनी थांबण्याचे कारण नाही. घड्याळ समोर ठेवा, मेसमध्ये लागलेल्या गाण्याचे ठोके पंधरा सेकंद मोजा आणि त्याला चारने गुणा. या सरावाला कसलेच यंत्र लागत नाही.