पहिली ओळ आणि पुढची पाने



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपली माणसे शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. परतीच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांत कोणते पुस्तक घ्यायचे, हा तिथला मोठा प्रश्न असतो. अशाच एका स्टॉलवर आम्ही उभे होतो. शेजारच्या एका कॉलेजकुमाराने अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ उचलली, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि परत ठेवली. आम्ही कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “काका, कादंबरी कशी आहे ते पहिल्या ओळीतच कळतं.”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लेखकाची भाषा खरी की उसनी, तो आपल्या माणसांत उभा राहून बोलतो की लांबून दया दाखवतो, एवढे पहिल्या पानावरून ध्यानात येते. ज्याच्या खिशात एकाच पुस्तकाचे पैसे आहेत, त्याने एवढी पारख जरूर करावी. पण उंबरठा पाहून घरातल्या माणसांचा निकाल देता येत नाही.

‘फकिरा’चेच पाहा. १९५९ साली आलेल्या या कादंबरीत आधी येतो तो फकिराचा बाप राणोजी. गावासाठी जोगिणी आणताना तो जिवाला मुकतो, तेव्हा फकिरा अजून पोर असतो. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रज सरकारशी झुंजणारा फकिरा घडतो तो त्यानंतर. चार ओळींत तो भेटणार कुठून? शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेल्या अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

पहिल्या ओळीवर निकाल देण्याची घाई आपल्याला तर मुळीच शोभत नाही. आडनाव कोणते, गाव कोणते, एवढे विचारून माणसाचा निकाल लावणारे लोक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पुढची पाने वाचायची तसदी त्यांनी घेतली नाही. बाबुराव बागूल यांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. ही जखम ज्याला ठाऊक आहे, त्याने निदान पुस्तकाला तरी तसे वागवू नये.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, वरवर दिसणाऱ्यावर विसंबू नका. स्वतः पारखून घ्या. पुस्तकालाही तोच न्याय लावावा. पहिले पान वाचा, मग मधले एखादे पान उघडून माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते पाहा. घरी आणल्यावर दोन-तीन प्रकरणे होईपर्यंत मत देऊ नका. घरात वाचता न येणारी आजी असेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा. खरी भाषा कोणती, ते तिचे कान बरोबर ओळखतात.

आम्ही त्या तरुणाला राणोजीची हकिकत थोडक्यात सांगितली. त्याने पुस्तक पुन्हा हातात घेतले आणि या वेळी मधूनच उघडले. मागे रांग वाढत होती, म्हणून आम्ही पुढे सरकलो. वळून पाहिले तेव्हा तो उभ्या उभ्या वाचतच होता.