करंडकावर बाळूंचे नाव का नको?



गेल्या महिन्यात आमच्या नागावात एक लहानसा वाद उपस्थित झाला. वाद लहान असला तरी त्यातील प्रश्न लहान नाही, म्हणून तो आपणापुढे मांडीत आहे. आमच्या बौद्धवाडीतील तरुण दरवर्षी टेनिसच्या चेंडूने क्रिकेटचे सामने भरवितात. यंदा करंडकाला एखाद्या खेळाडूचे नाव द्यावे असे ठरले. एका वृद्ध गृहस्थांनी सुचविले, "बाळू पालवणकरांचे नाव द्या." त्यावर दोन तरुण ताडकन उठून उभे राहिले. एक म्हणाला, "जो मनुष्य बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीस उभा राहिला, त्याचे नाव आमच्या करंडकावर कशाला?" दुसरा म्हणाला, "आणि तो आपल्यातला तरी कुठे होता? तो तर चांभार!" बैठक निर्णयावाचून उठली.

अलिबागच्या कोर्टात वीस वर्षे वकिली केल्यावर मला एक सवय जडली आहे. पुरावा पाहिल्यावाचून मी निकाल ऐकून घेत नाही. तेव्हा आधी पुरावा पाहू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चांभाराचे. वडील लष्कराच्या आश्रयाने पुण्यात नोकरीस होते, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. पुढे बाळू पुण्याच्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम दरमहा ३ रुपयांवर करू लागले. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्या डाव्या हाताच्या फिरक्या चेंडूंवर तासन्‌तास सराव करी आणि स्वतःस बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. गोलंदाजी मात्र घ्यावी, फलंदाजी द्यावयाची नाही, हा तेथील शिरस्ता होता. राबणे एकाचे आणि डाव दुसऱ्याचा! हा न्याय आपल्या वाडवडिलांनी शेतात, खळ्यात आणि वेठीत पाहिलेलाच आहे.

या गोलंदाजाची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवावयाचे तर बाळू हवेत. बाळू घ्यावेत तर विटाळ! अखेर विजयाच्या लोभाने विटाळावर मात केली, पण ती सीमारेषेच्या आतच. मैदानात बाळूंच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चेंडू कातड्याचा, आणि फेकणारा कातडे कमावणाऱ्याच्या घरचा, तरी तो झेलताना कोणाचा धर्म बुडत नसे. चहाची वेळ झाली की मात्र धर्म जागा होई. इतरांना चहा आत, चिनी मातीच्या पेल्यात. बाळूंना तो बाहेर, कुंभाराच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्या संघास हरवून मंडळी परत आली तेव्हा, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी सुनावल्याचे वृत्तांतात आढळते. सुनवावे लागले, हीच गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याच्या संघात दाखल झाले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले, आणि संघ बहुतेक ठिकाणी हरला. परंतु त्या पराभूत संघातून बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी संघाने दोनच जिंकले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात बाळूंचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद ११३ धावा काढल्या, बाळूंनी अर्धशतक केले, आणि सामना एका गड्याने जिंकला. साऱ्या कारकिर्दीत बाळूंनी प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी मिळविले.

आता वाचकांनी मला सांगावे, इतके केल्यावर बाळूंना हिंदू संघाचे नायकपद मिळाले काय? नाही. वर्षामागून वर्षे गेली, नायक बदलत राहिले, पण संघातील सर्वांत अनुभवी खेळाडूचा क्रम कधी लागला नाही. १९१३ साली नायक झालेले म. द. पै यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले की, हा मान बाळूंचा होता. सहकाऱ्यांस ठाऊक होते, प्रेक्षकांस ठाऊक होते, निवड करणाऱ्यांसही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि देणे यांत मात्र चार वर्णांचे अंतर होते.

तेव्हा जे सज्जन आमच्या मुलांना "तुम्ही नुसते चांगले खेळा, चांगले शिका, जात आपोआप विसरली जाईल" असा उपदेश करतात, त्यांना मी विचारतो की, आणखी किती चांगले खेळावयाचे होते? ११४ बळींनी जे झाले नाही ते कितव्या बळीने झाले असते? गुणाला टाळी मिळते, आणि टाळी वाजविणारा हात वर होतो. पण त्याच हाताने जागा करून द्यावी लागते तेव्हा तो खिशात जातो.

मग हे कोडे सुटले कसे? १९२० साली चौरंगी सामने होते. नायक पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नायकपद दुसऱ्या खेळाडूस देण्यात आले. त्या वेळी विठ्ठल व शिवराम या दोघा धाकट्या बंधूंनी खेळण्यास उघड नकार दिला. जातीमुळे हा अन्याय होत असेल तर तुमच्या संघास आमची धावसंख्याही मिळणार नाही, अशी ती भूमिका होती. हा नकार होताच चक्रे फिरली. पुढील सामन्यात भावंडे परत आली, बाळू उपनायक झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघ चालविला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांनी युरोपियनांवर विजय मिळविला. जे पंचवीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेने मिळाले नाही, ते एका संघटित नकाराने घराण्यात आले. हा धडा पुढे १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात महाडास सहस्रावधी लोकांनी गिरविला. पाणी मागून मिळत नाही हे ओळखूनच लोक तळ्यावर गेले.

आता पहिल्या तरुणाच्या आक्षेपाकडे वळतो. त्यात तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. बाळूंनी १९३२ च्या पेचात संयुक्त मतदारसंघाचा पक्ष घेतला. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेलाही त्यांनी विरोध दर्शविला. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांस १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. ही बाळूंची चूक होती असे माझे स्पष्ट मत आहे, आणि करंडक दिल्याने ते बदलणार नाही.

पण तरुणांनो, पुराव्याचा दुसरा भागही वाचा. ज्या समाजाला संघनायक म्हणून बाळू कधी दिसले नाहीत, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांना पाडण्यासाठी उमेदवार हवा होताच ते एकदम कसे दिसले? गोऱ्यांना बाद करावयाचे तेव्हा बाळू, बाबासाहेबांना बाद करावयाचे तेव्हाही बाळू. चेंडू त्यांच्या हाती द्यावयाचा, नायकपद आपल्या हाती ठेवावयाचे. संयुक्त मतदारसंघात आपला माणूस परक्यांच्या मतांवर कसा उभा केला जातो, ते बाबासाहेब सांगत होते. १९३७ ची ही निवडणूक त्याचा जिवंत दाखला आहे. राग धरावयाचा असेल तर तो त्या व्यवस्थेवर धरा. तिने वापरलेल्या माणसाची चूक सांगा, पण त्याचे बळी पुसू नका. पुसले तर अपमान करणाऱ्यांचा गुन्हाही त्याबरोबर पुसला जाईल.

दुसऱ्या तरुणाच्या आक्षेपाने मात्र मला खरी वेदना झाली. "तो चांभार होता" हे वाक्य बौद्धवाडीत उच्चारले जावे? विलायतेहून परतलेल्या बाळूंचा मुंबईत अस्पृश्य समाजाने गौरव केला, तेव्हा तरुण भीमरावांना त्यांचा अभिमान वाटला. तेथे महार कोण, चांभार कोण, हा हिशेब झाला नाही. आपण तर त्यापुढे जाऊन जातीचा त्यागच केला आहे. घरातील देव्हारा उतरविला आणि पोटजातीचा देव मनात तसाच ठेवला, तर त्या दीक्षेचा अर्थ काय उरला? बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती दाखल्यावर लिहिण्यासाठी नाही, अशा बैठकीत आचरण्यासाठी आहे.

शेवटी कायद्याची एक गोष्ट. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास मनाई करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १ जून १९५५ रोजी अंमलात आला. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी झाले. मातीच्या भांड्यातून चहा प्यायलेल्या त्या माणसाच्या आयुष्यात हा कायदा जेमतेम महिनाभर होता. आपल्या मुलांना तो, १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने, जन्मापासून लाभला आहे. परंतु कायदा पेला मिळवून देतो, नायकपद मिळवून देत नाही. त्यासाठी विठ्ठल आणि शिवराम यांच्यासारखे एकत्र उभे राहावे लागते, आणि वेळ आलीच तर खेळण्यास नकारही द्यावा लागतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. करंडकावर बाळूंचे नाव घालावे. बक्षीस समारंभात त्यांची संपूर्ण हकिकत वाचून दाखवावी, १९११ चे बळी, १९२० चा नकार आणि १९३७ ची चूकही. आणि गावातील ज्या संघांना आजवर आपण बोलाविले नाही, त्या सर्वांस, चांभारवाडीच्या मुलांस आधी, आमंत्रण धाडावे. चहा सर्वांना एकाच किटलीतून द्यावा. पुढील बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी अवश्य यावे.